व्यायामाचा कंटाळा

यंदाच्या स्मृतिव्याख्यानमालेच्या पुस्तिकेसाठी व्यायामाविषयी एखादा लेख द्यावा, अशी सूचना शाळेकडून आली, तेव्हा मला हसू आवरले नाही. ज्याने उभ्या आयुष्यात एकदाही मनापासून जोर काढले नाहीत, त्या मराठीच्या प्राध्यापकाने व्यायामावर लिहावे, हे जरा विपरीतच. परंतु थोडा विचार केल्यावर वाटले, की ज्यांना व्यायाम आवडतो त्यांना आमच्या लेखाची गरज नाही. ज्यांना तो मुळीच आवडत नाही, अशा माझ्या जातकुळीच्या माणसांसाठी कोणी तरी लिहिले पाहिजे. आणि तो अधिकार मात्र मला निश्चित आहे.

त्यातही मी बडोद्याचा. मल्लविद्येला राजाश्रय देणारे हे नगर. जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांच्या आखाड्याचे नाव साऱ्या देशात गाजले, ते येथूनच. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ ते १९४९ या काळात प्रसिद्ध झाला, तोही बडोद्यासच. एका संस्थानी शहरातून, मराठी भाषेत, व्यायाम या एकाच विषयावर दहा खंड निघावेत, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे. मी ते खंड पुष्कळ चाळले आहेत. अर्थात ग्रंथालयात, खुर्चीवर बसून.

माझ्या नावडीचे मूळ मला ठाऊक आहे. मी ज्या शाळेत शिकलो तेथे कवायतीच्या तासाला आमची रांग उभी राही आणि ज्याचा हात चुकेल त्याला दहा उठाबशा. पाढे चुकले तरी उठाबशा, गृहपाठ राहिला तर मैदानाला फेऱ्या. आखाड्यात ज्या क्रियेला बैठक म्हणून मान, तीच वर्गात कान धरून केली की अपमान. दहा वर्षे हा संस्कार झाल्यावर घाम आणि लाज यांची मनात जी गाठ बसली, ती पुढे पन्नास वर्षे सुटली नाही. माझ्या पिढीतील अनेकांची गोष्ट याहून निराळी नसावी.

त्याची किंमत मी साठी उलटल्यावर मोजली. एका मुंजीच्या पंगतीत हौसेने पाटावर मांडी घालून बसलो. जेवण झाले, विडा झाला आणि उठता येईना. दोन पुतण्यांनी काखेत हात घालून मला उभे केले. सारे हसले, मीही हसलो. पण त्या रात्री झोप लागली नाही. पुढील आठवड्यात रक्त तपासले, तर साखर वाढलेली. डॉक्टरांनी 'व्यायाम करा' म्हटले, तेव्हा मी शिस्तीने एका यंत्रांच्या व्यायामशाळेत वर्षाचे पैसे भरले आणि सव्वीस दिवस गेलो. समोर भिंतभर आरसा, कानांत कर्कश संगीत आणि पायांखाली सरकणारा पट्टा. चालावे तर पुष्कळ, पोहोचावे कोठेच नाही! सत्ताविसाव्या दिवशी मी घरी राहिलो आणि स्वतःला आळशी ठरवून मोकळा झालो.

आता विचार करता वाटते, की तो सगळा आळस नव्हता. माझ्या व्यवसायाच्या सवयीप्रमाणे मी शब्दांकडे वळलो. 'व्यायाम' या शब्दात 'यम्' धातू आहे. ताणणे, पसरविणे, आवरणे अशा त्याच्या छटा. शब्दच थोडा करड्या शिस्तीचा. परंतु बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात (मराठी भाषेचे काही प्राचीन नमुने ज्यात सापडतात, तोच हा ग्रंथ) कुस्तीचे वर्णन कोठे येते? 'विनोद' या प्रकरणात. विनोद म्हणजे रमविणे, मन दुसरीकडे नेणे. गायन, वादन, कथा यांच्या पंक्तीस मल्लांची झुंज बसविलेली आहे. आणि त्यापुढील प्रकरण 'क्रीडा' या नावाचे. अंगमेहनतीला रंजनाच्या खात्यात मांडणारी ही दृष्टी आपल्याकडे होती. कवायतीच्या तासात ती कोठे हरवली, हा इतिहासाच्या अभ्यासकांचा विषय आहे.

शरीराची मागणी तरी नेमकी किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम प्रमाणात श्रम करावेत. मध्यम म्हणजे किती, हे ओळखण्याची खूण सोपी आहे : चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. आपल्या आयुर्वेदानेही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, कपाळी घाम आला आणि तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबावे, असे सांगितले आहे. दोन्ही गोष्टी फारशा दूर नाहीत. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की पूर्वी एका वेळी सलग निदान दहा मिनिटे श्रम झाले तरच ते हिशेबात धरीत. २०२० मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. जिना चढलो, बाजारातून पिशवी उचलून आणली, अंगण झाडले, तर तेही जमेस धरावयाचे. माझ्यासारख्याला हा मोठाच दिलासा होता. इतके सवलतीचे माप असूनही २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ त्यात उणे पडत होते, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के होते.

व्यायामशाळेत न जाता व्यायाम घडतो, याचा एक जुना आणि मनोरंजक पुरावा लंडनचा आहे. जेरी मॉरिस या संशोधकाने सुमारे ३१ हजार वाहतूक कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९५३ मध्ये निष्कर्ष मांडले. दुमजली बसचा चालक दिवसभर बसलेला. वाहक त्याच बसमध्ये दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटे देत असे. वाहकांना हृदयविकार कमी, आणि झाला तरी त्याची तीव्रता कमी, असे आढळले. मॉरिस प्रामाणिक अभ्यासक होता. चालक मुळातच स्थूल असतील, अशी शंका घेऊन त्याने पुढे त्यांच्या गणवेशांच्या कंबरेची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी खरोखरच मोठ्या निघाल्या! म्हणजे सारे श्रेय जिन्याला देता येत नाही. तरीही त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांनी मूळ मुद्द्याला बळकटीच आणली.

रोज दहा हजार पावले चालावीत, या सांगण्याचा तर मी धसकाच घेतला होता. हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानात पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले. त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचे मापक' असा होता. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांवर स्त्रियांचा अमेरिकेत जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्युप्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांहून पुष्कळ कमी दिसले, आणि ७,५०० च्या पुढे विशेष भर पडली नाही. दहा हजारांच्या धाकाने एकही पाऊल न टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पण थोडे का होईना, रोज करावयाचे कसे? येथे निश्चय फार काळ साथ देत नाही, गोडी लागते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही लोकांना रंजक कादंबऱ्यांची ध्वनिमुद्रणे दिली, पण ती व्यायामशाळेतच ऐकावयाची, अशी अट घातली. पुढे काय झाले, या उत्कंठेने ही मंडळी आरंभी इतरांपेक्षा ५१ टक्के अधिक वेळा व्यायामाला गेली. मधे सणाची सुट्टी आली आणि तो उत्साह मावळला, हेही त्याच शोधनिबंधात नमूद आहे.

हे वाचताच मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या काही रिकामपणी बसून रचलेल्या नव्हत्या. श्रमाला गाणे बांधले, की हाताला लय सापडते आणि वेळ सरतो, हे आमच्या आजींना कोणी प्रयोग करून सांगावे लागले नाही. (दळणाला व्यायाम म्हणून त्याचे गोडवे गाणाऱ्यांचा मात्र मला राग येतो. पहाटे उठून पायलीभर दळणे ही सक्ती होती आणि त्या बाईला कोणी विचारलेले नव्हते. गोडी ओवीत होती, जात्यात नव्हती.)

माझ्यापुरते सांगतो. मला झाडांची नावे येत नव्हती. साऱ्या आयुष्यात शिरीष कवितेत शिकविला, पण रस्त्यावर ओळखता आला नाही. वटवृक्षावरून ज्याचे नाव पडले त्या गावात राहून ही गत! तेव्हा काळ्या घोड्यापासून कमाटीबागेत शिरावयाचे, वस्तुसंग्रहालयापर्यंत जावयाचे आणि रोज एक नवे झाड ओळखून वहीत टिपावयाचे, असा परिपाठ सुरू केला. बाग १८७९ ची, त्यामुळे वृक्ष जुने आणि विविध. चाळीस नावे झाली तेव्हा लक्षात आले, की आपण तीन महिने रोज अर्धा-पाऊण तास चालत आहोत. वही भरल्यावर पक्षी सुरू केले. दुसऱ्या कोणाला वृक्षांचा उपयोग होणार नाही. एखाद्याने जुन्या वाड्यांच्या कमानी पाहाव्यात, एखादीने पोळीभाजी आटोपून मैत्रिणीबरोबर गप्पा मारीत जावे. मी निवृत्त सहकाऱ्यांपैकी एकाला बरोबर घेतले. तो येऊन फाटकाशी उभा राहील, या संकोचाने पावसाळ्यातही घराबाहेर पडलो आहे.

घराघरांत या बाबतीत मोठी पुंजी पडून आहे. मंगळागौरीच्या झिम्मा, फुगडी, पिंगा यांत दम, तोल आणि लवचिकपणा यांची किती कसोटी लागते, हे एकदा फुगडी घालून पाहावे. आम्हां बडोदेकरांना तर नवरात्रातील गरबाही आपलाच. २०२३ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. संथ टाळीने आरंभ, हळूहळू वाढणारी गती आणि वर्तुळात जागा असल्यामुळे मधेच गळण्याची लाज. व्यायामशिक्षकाने याहून चांगली योजना काय करावी? उणीव एवढीच, की तो नऊ रात्री चालतो आणि वर्ष मोठे असते. गल्लीतील चार कुटुंबांनी शनिवारी तासभर अंगणात ताल धरला, तर देवीचा काही कोप होणार नाही.

शतपावलीविषयी दोन शब्द. न्यूझीलंडमध्ये मधुमेहींवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसात केव्हाही सलग ३० मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालल्यास जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली; रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. शंभर पावले मात्र पुरत नाहीत, दहा मिनिटांची हजारेक होतात. आम्ही पतिपत्नी रात्री गच्चीवर फेऱ्या घालतो आणि दिवसभराची भांडणे तेथे मिटवितो. क्वचित नवी काढतो.

सारेच गोड करता येते, असा माझा दावा नाही. पंगतीत मला दगा दिला तो मांड्यांच्या स्नायूंनी, आणि नुसत्या चालण्याने ते पुरेसे बळकट होत नाहीत. आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या बळाचे आणि पासष्टीनंतर तीनदा तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, असे तेच मार्गदर्शन सांगते. हे काम मला आजही रुक्ष वाटते. त्यावर उपाय असा, की त्याला स्वतंत्र वेळ द्यावयाचाच नाही. दात घासताना एका पायावर उभा राहतो. दुसरा हात भिंतीशी. चहाचे आधण येईपर्यंत हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस करतो. आधण आले की व्यायाम संपला. पाचव्या मिनिटाची भीती नाही. गुडघे वा हृदय यांचे दुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारून मगच आरंभ करावा, हे सांगावयास नको.

ही पुस्तिका शाळेची आहे, म्हणून शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती करतो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास हालचाल हवी, असे सांगितले जाते. शाळेच्या मैदानावर त्यातील किती मिळतो, हे आपण जाणता. उठाबशा आणि फेऱ्या शिक्षेच्या यादीतून कायमच्या काढून टाकाव्यात. आणि गडी निवडताना जो मुलगा नेहमी शेवटी उरतो, त्याच्यासाठी लगोरीसारखा खेळ ठेवावा. त्यात धावण्यात मागे पडणाऱ्यालाही नेम साधून मान मिळविता येतो. लंगडीला तर थोडेसे अंगण पुरते, आणि साहित्य काहीच लागत नाही. मी तो शेवटी उरणारा मुलगा होतो. एका उन्हाळ्यात मामाच्या गावी लगोरीच्या सात ठिकऱ्या मी पहिल्याच चेंडूत उडविल्या होत्या. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत धावलो आणि दमलो असे एकदाही वाटले नाही. शाळेत तो खेळ नव्हता.

मागच्या महिन्यात पुन्हा एका मुंजीला जाण्याचा योग आला. यजमानांनी वयाकडे पाहून खुर्ची-टेबलाची व्यवस्था केली होती. मी आग्रहाने पाट मागून घेतला. उठताना एक हात जमिनीला टेकवावा लागला. पुतणे दोन्ही बाजूंना तयारीत उभे होते. त्यांना मी जिलबी आणावयास पाठविले.