पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार : हा हिशेब लावायचा कसा?

३१ डिसेंबर १८१७ रोजी रात्री साडेआठच्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. रात्रभर चालत, सुमारे ४० किलोमीटर अंतर कापून, सकाळी ती तळेगाव ढमढेरेजवळच्या उंचवट्यावर पोचली. तिथून भीमेपलीकडे पेशवे दुसऱ्या बाजीरावांची फौज पसरलेली दिसली. कंपनीकडे मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीचे सुमारे ५०० शिपाई होते. घोडेस्वार आणि दोन तोफांचे गोलंदाज धरून सगळी मिळून ८३४ माणसं. समोर, इंग्रजी अंदाजानुसार, २० हजार घोडदळ आणि ८ हजार पायदळ. स्टॉन्टनने जवळचं कोरेगाव गाठलं आणि दिवसभर तिथे लढाई पेटली. गाव शेवटपर्यंत कंपनीच्या हातून गेलं नाही.

या लढाईच्या सामाजिक अर्थावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या जयस्तंभाला भेट दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. इथे प्रश्न वेगळा आहे. पायदळाचं बळ मोजतात कसं? डोकी मोजून ते कळत असतं, तर कोरेगावची लढाई दुपारच्या आत संपायला हवी होती.

दुप्पट म्हणजे चौपट, पण कुठे?

फ्रेडरिक लँचेस्टर हा इंग्लंडमधला मोटारगाड्या बनवणारा अभियंता. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने लढाईचं गणित मांडलं. समजा, मोकळ्या मैदानात सारख्याच दर्जाचे १००० आणि ५०० बंदूकधारी समोरासमोर आहेत आणि प्रत्येकाला शत्रूपैकी कोणावरही नेम धरता येतो. मग मोठ्या बाजूच्या गोळ्या दुप्पट सुटतात आणि त्या निम्म्याच माणसांवर येतात. त्यामुळे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. हिशेब केला तर ५०० जण संपेपर्यंत हजारातले फक्त १३४ गेलेले असतात.

आता हीच माणसं अरुंद बोळात आणा. तिथे एकाला एकच भिडू शकतो, मागचे वाट पाहत उभे राहतात. आता ५०० जणांना संपवायला हजारातले ५०० खर्ची पडतात. माणसं तीच, हत्यारं तीच, फक्त जागा बदलली.

सोळा फुटी भाले आणि चिखल

लँचेस्टरने सूत्र लिहिलं विसाव्या शतकात, पण जुन्या सेनापतींना त्यातलं मर्म ठाऊक होतं. मॅसिडोनियाच्या पायदळाकडे १५ ते १८ फुटांचे भाले असत. रचना साधारण १६ रांगांची, आणि पहिल्या पाच रांगांच्या भाल्यांची टोकं सैन्याच्या पुढे येत. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने याचं गणितच दिलं आहे. भालाईत तीन फुटांत उभा राहतो, तर तलवार चालवायला रोमन सैनिकाला दुप्पट जागा लागते. म्हणजे एका रोमन सैनिकासमोर दोन माणसं आणि दहा भाले! सपाट जमिनीवर रोमन टिकणं कठीण. तरीही इसवी सनपूर्व १९७ मध्ये सायनोसेफाली इथे आणि १६८ मध्ये पिडना इथे रोमनच जिंकले. उंचसखल जमिनीवर भाल्यांच्या रांगा फाटल्या, आणि त्या फटींतून तलवारवाले आत घुसले.

आपल्याकडचे पायदळी तिरंदाज घ्या. एरियन या ग्रीक लेखकाच्या वर्णनानुसार भारतीय पायदळाचं धनुष्य माणसाएवढं उंच असे. ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून ओढत. त्या बाणापुढे ढाल किंवा चिलखत टिकत नसे. पण इसवी सनपूर्व ३२६ मध्ये झेलमकाठी पोरसाच्या सैन्याला पावसाने निसरड्या झालेल्या जमिनीवर लढावं लागलं. धनुष्य नीट टेकेना, असं कर्टियस हा रोमन लेखक सांगतो.

कौटिल्याने तर अर्थशास्त्रात दरच ठरवून दिला आहे : एका घोडेस्वाराला तीन पायदळी, एका हत्तीला किंवा रथाला पंधरा. सैनिकांना लढायला अडचण होऊ नये म्हणून दोघांत किती अंतर ठेवायचं, तेही तो सांगतो. आघाडीवर किती माणसं मावतात, हा प्रश्न त्यालाही पडलाच होता.

कोरेगावच्या गल्ल्यांत

आता पुन्हा भीमेकाठी. कौटिल्याच्या दराने २० हजार घोडेस्वार म्हणजे ६० हजार पायदळी! पण हा दर मैदानातला. मातीच्या भिंतीने वेढलेल्या गावात, घरांच्या दाटीत घोड्याचा वेग आणि धडक दोन्ही वाया जातात. २८ हजारांतले २० हजार इथेच हिशेबाबाहेर गेले. उरलेल्यांपैकी अरब, गोसावी आणि कवायती शिपाई अशा पायदळाच्या तीन तुकड्यांनी गावावर हल्ला चढवला. यातही गल्लीच्या तोंडाशी एका वेळी मोजकेच पुढे येणार. नऊ फुटांची गल्ली असेल तर माणशी तीन फूट धरून तिघे.

कंपनीचा शिपाई काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायचा, गोळी गजाने ठासायचा. मिनिटाला फार तर दोन-तीन बार निघत. शत्रू अंगावर आला की तीच बंदूक संगिनीसह सहा फुटी भाला होई. मात्र काडतूस फाडताना दारू तोंडात जाते, आणि तिचा तीन चतुर्थांश भाग सोरा, म्हणजे खारट क्षारच. रात्रभराची चाल, दिवसभर उन्हात झुंज आणि संध्याकाळपर्यंत पाणी नाही. वजनाच्या दोन टक्के पाणी घटलं तरी शरीराची कार्यक्षमता उतरू लागते. साठ किलोच्या माणसाला त्यासाठी सव्वा लिटर घामही पुरतो. त्या दिवशी शिपायांचा तहानेने जीव कासावीस झाला होता, हे इंग्रजी वृत्तांतातही नोंदलेलं आहे.

रात्री गोळीबार थांबला. कंपनीच्या जनरल स्मिथची फौज जवळ येत असल्याने पेशव्यांनी मुक्काम हलवला. कंपनीची ८३४ पैकी २७५ माणसं ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली. पेशव्यांकडची हानी इंग्रजांच्या अंदाजाने ५०० ते ६००. हा आकडा एकाच बाजूचा आहे, तेव्हा तो जपूनच वापरायला हवा. तरी प्रमाण साधारण एकाला दोन येतं, आणि ते मैदानापेक्षा बोळातल्या गणिताच्या जवळ जातं. मैदानाचं गणित लागू झालं असतं, तर ८३४ जणांचा मागमूस उरला नसता.

शौर्याचं मोल यामुळे कमी होत नाही. उलट, संख्येचा फायदा जागेने काढून घेतला की उरतात ती शिस्त, दम आणि हिंमत, आणि तीच निकाल ठरवतात. तळेगाव, शिक्रापूर, कोरेगाव या पट्ट्यातल्या शाळांनी ही लढाई इतिहासाच्या तासापुरती ठेवू नये. वर्गाचा नियम शिकवताना लँचेस्टरचं उदाहरण फळ्यावर मांडावं आणि मुलांना आधी मैदानाचं, मग गल्लीचं उत्तर काढायला सांगावं.