शिंदे : कण्हेरखेड ते दिल्ली

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातले कण्हेरखेड हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे मूळ गाव. गावची पाटीलकी या घराण्याकडे होती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात शिंदे पेशव्यांच्या फौजेबरोबर माळव्यात गेले आणि तेव्हापासून जवळजवळ तीनशे वर्षे ते उत्तरेच्या राजकारणात या ना त्या नात्याने हजर आहेत. पेशव्यांचे सरदार, मोगल बादशहाचे मुखत्यार, इंग्रजांचे मांडलिक, स्वतंत्र भारतातले राजप्रमुख, मग खासदार, मुख्यमंत्री आणि केंद्रीय मंत्री अशी त्यांची पदे बदलत गेली. महाराष्ट्रात शिंदे हे आडनाव हजारो घरांत आहे. हिंदी पट्ट्यात ‘सिंधिया’ म्हटले की मात्र ग्वाल्हेरचे हे एकच घराणे डोळ्यांसमोर येते.

माळव्यातला जम

घराण्याचे मूळ पुरुष राणोजी शिंदे. पहिल्या बाजीरावांच्या पदरी ते पुढे आले आणि मल्हारराव होळकर व पवार यांच्याबरोबर माळव्याच्या वाटणीचे धनी झाले. त्यांनी उज्जैनला ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी तेथील महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. १७४५ मध्ये राणोजी वारले.

पुढची पिढी रणात खर्ची पडली. थोरले जयाप्पा १७५५ मध्ये मारवाडात नागोरच्या वेढ्यात मारेकऱ्यांच्या हातून गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी यमुनेकाठी बुराडी घाटावर नजीबखानाच्या व अब्दालीच्या फौजांशी लढताना पडले. तुकोजी आणि जयाप्पांचे तरुण पुत्र जनकोजी यांचा पानिपतावर अंत झाला. सहा वर्षांत एका घरातले चार पुरुष गेले. मराठी माणसाच्या मनात शिंदे आडनावाला जी धार आहे, ती मुख्यतः या चार मृत्यूंची. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ कादंबरीने १९८८ नंतरच्या वाचकांपर्यंत ती पोहोचवली.

महादजी

पानिपतातून जखमी पायाने वाचलेले महादजी हे घराण्यातले सर्वांत मोठे राजकारणी. त्यांना राणेखान नावाच्या भिश्त्याने सुखरूप दक्षिणेत आणले आणि महादजींनी पुढे त्याला आपल्या फौजेत मोठे पद दिले. वारसाचा तंटा मिटून १७६८ मध्ये सरदारकी त्यांच्याकडे आली. अलाहाबादेत इंग्रजांच्या आश्रयाला राहिलेला बादशहा शाहआलम १७७२ मध्ये दिल्लीच्या तख्तावर परतला, तो मराठी फौजेच्या बळावर, आणि त्या कामात महादजी पुढे होते. १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजी फौजेला शरण यायला लावण्यात आणि १७८२ मध्ये सालबाईच्या तहात मध्यस्थी करण्यातही त्यांचा वाटा होता. १७८४ मध्ये बादशहाने त्यांना वकील-इ-मुतलक केले. सल्तनतीचा कारभार त्यामुळे त्यांच्या हाती आला.

या सत्तेला आधार होता तो द बॉइन या सॅव्हॉयच्या सेनानीने तयार केलेल्या कवायती पलटणींचा. याच पलटणींनी १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे राजपूत फौजांचा पराभव केला. १७८८ मध्ये गुलाम कादिराने शाहआलमचे डोळे काढले, तेव्हा त्याला पकडून शासन करण्याचे कामही महादजींच्याच फौजेने केले. १७९२ मध्ये ते पुण्यात आले आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीच्या छावणीत वारले. तेथील शिंदे छत्री हे आज पुण्यातले एक ओळखीचे ठिकाण आहे. रणांगणाबाहेर महादजींची दुसरी बाजू भक्तीची होती. त्यांनी पदे रचली आणि बीडच्या मन्सूरशहा या सूफी संतावर त्यांची श्रद्धा होती.

लष्कर आणि मांडलिकी

महादजींनंतर दौलतराव गादीवर आले. असई आणि लासवारी येथे १८०३ मध्ये इंग्रजांनी त्यांचा पराभव केला. सुर्जी-अंजनगावच्या तहाने दिल्ली-आग्र्याचा मुलूख गेला आणि मोगल बादशहा इंग्रजांच्या हाती पडला. १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. तो तळ पुढे हललाच नाही. तेथेच शहर वसले आणि त्याला आजही ‘लष्कर’ म्हणतात. १८२७ मध्ये दौलतराव वारल्यावर त्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८३३ पर्यंत राज्य चालवले. काशीतला शिंदे घाट त्यांच्याच नावाशी जोडलेला आहे. १८४३ मध्ये महाराजपूर आणि पन्नियार या एकाच दिवशी झालेल्या दोन लढायांनी संस्थानाचे उरलेसुरले लष्करी स्वातंत्र्य संपवले.

१८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरवर चालून आले. जयाजीराव शिंद्यांनी इंग्रजांची बाजू धरली. त्यांची फौज उठावाकडे गेली आणि ते आग्र्याला निघून गेले. थोड्याच दिवसांत ग्वाल्हेरजवळच्या लढाईत राणी धारातीर्थी पडल्या. या प्रसंगाने घराण्याची पाठ आजतागायत सोडलेली नाही. सुभद्राकुमारी चौहान यांची झाशीच्या राणीवरची हिंदी कविता शाळाशाळांत पाठ केली जाते आणि तिच्यात शिंद्यांच्या त्या वर्तनाचा थेट उल्लेख आहे. निवडणुकीच्या सभांत विरोधक तो उल्लेख काढतात. मराठीतही राणीच्या समाधीवर भा. रा. तांबे यांची प्रसिद्ध कविता आहे आणि तांबे हे ग्वाल्हेर संस्थानचेच राजकवी होते. एका दरबाराच्या इतिहासातला सर्वांत अडचणीचा प्रसंग त्याच दरबारच्या कवीने असा अजरामर केला.

उठावानंतर इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला आपल्याकडे ठेवला. १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात तो शिंद्यांना परत मिळाला. दरम्यान १८७४ मध्ये मायकेल फिलोज यांच्या आराखड्यानुसार जयविलास राजवाडा उभा राहिला. त्याच्या दरबार हॉलमधल्या दोन झुंबरांचे वजन प्रत्येकी सुमारे साडेतीन टन आहे.

गाणे, शाळा आणि जहाज

राजकीय ताकद आटल्यावर घराण्याने आपले नाव संस्थांमधून पसरवले. त्यात पहिले संगीत. ख्यालगायनाच्या ग्वाल्हेर घराण्याचे हद्दू खाँ आणि हस्सू खाँ शिंद्यांच्या दरबारी होते. हस्सू खाँ यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ती गायकी महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. विसाव्या शतकातल्या मराठी घरांत शास्त्रीय संगीत पोहोचले, त्याची एक मोठी वाट ग्वाल्हेरवरून आली होती. तेव्हाचे महाराज पहिले माधवराव यांच्या पाठिंब्याने पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू केले.

सरदारांच्या मुलांसाठी १८९७ मध्ये निघालेली शाळा आज किल्ल्यावरचे सिंधिया स्कूल म्हणून देशभर ओळखली जाते. मुलींसाठी सिंधिया कन्या विद्यालय १९५६ मध्ये निघाले.

समुद्राशी घराण्याचा काही संबंध नव्हता, तरी भारतीय जहाजवाहतुकीच्या इतिहासात त्याचे नाव आहे. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी याच माधवराव महाराजांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज विकत घेऊन त्याचे रुग्णालय केले आणि त्याला ‘लॉयल्टी’ नाव दिले. युद्धानंतर सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि मुंबईचे नरोत्तम मोरारजी यांनी सहकाऱ्यांसह ते खरेदी केले आणि कंपनीला सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन हे नाव दिले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. राष्ट्रीय सागरी दिन म्हणून हाच दिवस पाळला जातो. याच कंपनीने विशाखापट्टणमला उभारलेल्या गोदीतून १९४८ मध्ये ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरले. गोदी पुढे सरकारने घेतली, पण त्या भागाला विशाखापट्टणमकर अजून ‘सिंधिया’ म्हणतात.

राजमाता

१९४८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर आणि इतर संस्थाने मिळून मध्य भारत हे राज्य झाले आणि जिवाजीराव शिंदे त्याचे राजप्रमुख झाले. १९५६ मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाल्यावर ते पद संपले. त्यानंतर वर्षभरातच घराण्याने निवडणुकीच्या राजकारणात पाय ठेवला. मैदानात उतरल्या त्या जिवाजीरावांच्या पत्नी विजयाराजे. १९५७ मध्ये गुना आणि १९६२ मध्ये ग्वाल्हेर येथून त्या काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेल्या.

मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी बिनसल्यावर १९६७ मध्ये त्यांनी काँग्रेस सोडली. त्याच वर्षी गोविंद नारायण सिंह यांच्यासह ३६ काँग्रेस आमदार फुटले, मिश्र यांचे सरकार पडले आणि संयुक्त विधायक दलाचे सरकार आले. या सत्तांतराच्या मागे विजयाराजेच होत्या. १९७१ मध्ये, इंदिरा गांधींची लाट असतानाही, जनसंघाच्या बाजूने त्या भिंडमधून, त्यांचे पुत्र माधवराव गुनातून आणि अटलबिहारी वाजपेयी ग्वाल्हेरमधून निवडून आले. त्याच वर्षी सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या गेल्या. आणीबाणीत विजयाराजे तिहार तुरुंगात होत्या. १९८० मध्ये त्यांनी रायबरेलीत इंदिरा गांधींविरुद्ध निवडणूक लढवली आणि त्या हरल्या. त्याच वर्षी स्थापन झालेल्या भाजपच्या त्या उपाध्यक्ष झाल्या. त्यांचे आत्मकथन मनोहर माळगावकर यांच्या सहकार्याने इंग्रजीत प्रसिद्ध झाले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले; जन्मशताब्दीच्या समारोपाला, २०२० मध्ये, त्यांच्या स्मरणार्थ शंभर रुपयांचे नाणे काढण्यात आले.

एक घर, दोन पक्ष

माधवराव १९७७ मध्ये अपक्ष म्हणून जिंकले आणि १९८० मध्ये काँग्रेसचे उमेदवार झाले. आई भाजपमध्ये, मुलगा काँग्रेसमध्ये अशी फाळणी तेव्हा झाली. १९८४ मध्ये काँग्रेसने त्यांना ऐनवेळी ग्वाल्हेरमध्ये उतरवले आणि त्यांनी वाजपेयींचा पावणेदोन लाखांच्या आसपास मतांनी पराभव केला. ते रेल्वे राज्यमंत्री असताना, १९८८ मध्ये, शताब्दी एक्सप्रेस सुरू झाली. १९९० ते १९९३ या काळात ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. नागरी विमान वाहतूक मंत्री असताना दिल्लीत भाड्याने घेतलेल्या विमानाला अपघात झाला, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. १९९६ मध्ये काँग्रेसने तिकीट नाकारल्यावर स्वतःच्या मध्य प्रदेश विकास काँग्रेसतर्फे ते ग्वाल्हेरमधून जिंकले. लोकसभेच्या नऊ निवडणुकांत ते कधीच हरले नाहीत. ३० सप्टेंबर २००१ रोजी उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या भगिनी वसुंधराराजे यांचा विवाह धौलपूरच्या राजघराण्यात झाला. १९८४ मध्ये भिंडमधून त्या हरल्या, पण १९८९ पासून राजस्थानातल्या झालावाडमधून सलग पाच वेळा खासदार झाल्या. २००३ मध्ये त्या राजस्थानच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या आणि २०१३ मध्ये पुन्हा त्या पदावर आल्या. दुसऱ्या भगिनी यशोधराराजे ग्वाल्हेरच्या खासदार आणि मध्य प्रदेशात मंत्री होत्या. १९८९ ते १९९८ या काळातल्या प्रत्येक लोकसभेत आई, मुलगा आणि मुलगी असे तिघे एकाच वेळी सदस्य होते.

माधवरावांचे पुत्र ज्योतिरादित्य २००२ च्या पोटनिवडणुकीत गुनातून लोकसभेत आले आणि मनमोहन सिंग सरकारात मंत्री झाले. २०१९ मध्ये पूर्वी त्यांच्याच गोटात असलेले, भाजपचे के. पी. यादव यांनी त्यांना सव्वा लाखाच्या आसपास मतांनी हरवले. मार्च २०२० मध्ये त्यांनी २२ आमदारांसह काँग्रेस सोडून भाजपची वाट धरली आणि मध्य प्रदेशातले कमलनाथ सरकार कोसळले. २०२१ मध्ये ते नागरी विमान वाहतूक मंत्री झाले; वडिलांनीही हेच खाते सांभाळले होते. २०२४ मध्ये ते भाजपचे उमेदवार म्हणून गुनातून पाच लाखांहून अधिक मतांनी जिंकले आणि दूरसंचार मंत्री झाले.

टिकण्याची कारणे आणि मर्यादा

पक्ष बदलले तरी ग्वाल्हेर, गुना आणि शिवपुरी हा जुन्या संस्थानाचा पट्टा घराण्याने सोडला नाही. शाळा, विश्वस्त निधी, मंदिरे आणि छत्र्या यांमुळे तेथील रोजच्या जीवनाशी त्यांचा संबंध राहिला. पुढाऱ्यांची आणि कार्यकर्त्यांची निष्ठा बऱ्याचदा पक्षापेक्षा राजवाड्याशी राहिली. १९६७ आणि २०२० या दोन्ही वर्षी आमदारांचा मोठा गट एकदम बाहेर पडला, त्याचे मूळ या निष्ठेत आहे. तिसरी बाब म्हणजे, घरातली माणसे २०२० पर्यंत दोन मोठ्या पक्षांत विभागलेली असल्याने दिल्लीत कोणाचेही सरकार असो, घराण्याचे कोणी ना कोणी सत्तेच्या जवळ राहिले.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. संस्थानाच्या हद्दीबाहेर रायबरेलीत नावाचा उपयोग झाला नाही, आणि हद्दीच्या आत भिंडमध्ये व गुनातही घराण्याचे उमेदवार पडले. झालावाडमध्ये जम बसला तो धौलपूरचे नाते, भाजपची संघटना आणि वसुंधराराजेंचे स्वतःचे काम यांच्या जोरावर.

महाराष्ट्राशी असलेले नातेही टिकून आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने दिल्लीत महादजी शिंदे राष्ट्रगौरव पुरस्कार तत्कालीन उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना शरद पवार यांच्या हस्ते देण्यात आला. घराणे निराळे, आडनाव तेच. त्यावरून मुंबईत काही दिवस राजकीय वाद रंगला. सव्वादोनशे वर्षांपूर्वी वारलेल्या सरदाराच्या नावाचा पुरस्कार कोणी कोणाला द्यावा, हा प्रश्नही महाराष्ट्रात चालू राजकारणाचा भाग होतो.