‘वाँटेड’च्या पोस्टरवरची ती उंच, नक्षीदार अक्षरं आली कुठून?

काउबॉय सिनेमातलं ‘वाँटेड’चं पोस्टर आठवा. उंच, अरुंद, एकमेकांना खेटून उभी असलेली इंग्रजी अक्षरं. टोकांना जाडजूड पट्ट्या आणि कधीकधी पोटात वेलबुट्टी. आजही कॅफेच्या बोर्डाला किंवा इन्स्टाग्राम पोस्टला ‘जुना फील’ द्यायचा असेल, तर असेच फॉन्ट निवडले जातात. पण अक्षरांचा हा आकार निव्वळ हौसेतून आलेला नाही. त्यामागे जागेची टंचाई होती.

भिंतीवरची स्पर्धा

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत छापखान्यातले टाइप प्रामुख्याने पुस्तकांसाठी बनत. मग औद्योगिक क्रांतीनंतर ब्रिटनमध्ये नाटक, सर्कस, लिलाव अशा सगळ्याच्या जाहिराती भिंतींवर आल्या. लांबून दिसायचं तर अक्षर मोठं हवं, पण कागदाची रुंदी ठरलेली. उपाय एकच: अक्षर रुंदीत आवळायचं आणि उंचीत वाढवायचं. यालाच ‘कन्डेन्स्ड’ म्हणतात. टोकांच्या पट्ट्या म्हणजे ‘सेरिफ’. गर्दीत उठून दिसण्यासाठी त्याही जाड झाल्या.

लाकडाने काम सोपं केलं

धातूचे मोठे टाइप जड आणि महाग पडायचे. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी लाकडी अक्षरं झटपट कोरणारं यंत्र आणलं. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्याला पँटोग्राफ जोडला. एका नमुन्यावरून वेगवेगळ्या आकारांची अक्षरं कापता येऊ लागली.

कॉपीचा किस्सा

१८४५ मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीच्या रॉबर्ट बेस्ली यांनी ‘क्लॅरेंडन’ हा ठळक, काहीसा अरुंद टाइप आणला आणि ब्रिटिश कायद्याखाली त्याची नोंदणी केली. संरक्षण मिळालं फक्त ३ वर्षांचं. मुदत संपली आणि इतरांनी नकला काढल्या. पुढे याच घराण्यातल्या ‘फ्रेंच क्लॅरेंडन’ प्रकारात सेरिफ इतक्या फुगल्या की त्या अक्षराच्या उभ्या रेघांपेक्षा जाड झाल्या. ‘वाइल्ड वेस्ट’ म्हणून ओळखला जातो तो हाच चेहरा. म्हणजे काउबॉयच्या अक्षराचं मूळ लंडनमध्ये!

वापरताना काय लक्षात ठेवाल?

• हे फॉन्ट शीर्षकासाठी आहेत. दोन-चार शब्दांत शोभतात. मोबाइलवर अख्खा परिच्छेद त्यात लिहिला, तर वाचणारा पुढे स्क्रोल करतो.

• साधा फॉन्ट माउसने दाबून अरुंद करू नका. उभ्या रेघा बारीक होतात, आडव्या तशाच राहतात आणि अक्षर बिघडतं. मुळातच कन्डेन्स्ड असलेला फॉन्ट घ्या.

• डाउनलोड करण्याआधी लायसन्स वाचा. ‘फ्री’ लिहिलेले अनेक फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत असतात. दुकानाच्या बोर्डासाठी किंवा पेड पोस्टसाठी वेगळा परवाना लागू शकतो. बेस्ली यांना ३ वर्षांचंच संरक्षण मिळालं, पण आजच्या फॉन्टचे परवाने तितक्या लवकर संपत नाहीत.