पैलूंचा क्रम

1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून नेमणूक झालेले गणिताचे अध्यापक एस. आर. रंगनाथन ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासासाठी लंडनला गेले, तेव्हा जगातील अनेक ग्रंथालयांवर मेल्विल ड्यूई यांच्या 1876 च्या दशांश पद्धतीचा अंमल होता. समग्र ज्ञानाची वाटणी आगाऊ करून प्रत्येक विषयाला एक ठराविक खाना नेमून देणारी ती व्यवस्था रंगनाथनांना अपुरी वाटली; आणि तेथील सेल्फ्रिजेसच्या दुकानात मेकॅनोचे सुटे भाग जोडून निरनिराळी खेळणी तयार होताना पाहिल्यावर, विषयदेखील असाच सुट्या घटकांपासून रचता येईल, ही कल्पना त्यांच्या मनात दृढ झाली. तिचे शास्त्रीय रूप म्हणजे 1933 मध्ये प्रसिद्ध झालेले कोलन वर्गीकरण.

विषयाचे असे सुटे घटक, म्हणजेच पैलू, पाडण्याबद्दल रंगनाथनांची कीर्ती आहे. परंतु माझ्या मते त्यांचे अधिक मोलाचे कार्य पैलूंचा क्रम ठरवण्याचे होय. फळीवरचे पुस्तक एकाच जागी राहू शकते, तेव्हा कोणता पैलू आधी मोजावा यावर कोणती पुस्तके शेजारी येतील आणि कोणती दुरावतील हे अवलंबून असते. म्हणून व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल या पाच मूलभूत कोटी त्यांनी मूर्ताकडून अमूर्ताकडे अशा क्रमाने लावल्या, आणि त्या क्रमाची कारणे दिली. लंडनमध्ये 1952 साली स्थापन झालेल्या वर्गीकरण संशोधन मंडळाने 1955 मध्ये, माहितीशोधाच्या सर्वच पद्धतींचा पाया पैलूनिष्ठ वर्गीकरण असावा, असे निःसंदिग्धपणे मांडले.

यंत्राकडे मात्र ही विद्या सरळ वाटेने गेली नाही. 1972 मध्ये कॅरेन स्पार्क जोन्स यांनी दाखवून दिले की जो शब्द थोड्याच दस्तऐवजांत आढळतो त्याला अधिक वजन द्यावे. पुढे नव्वदीच्या दशकात स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीएम25 हे गुणांकनाचे सूत्र सिद्ध केले. शोधफलांच्या क्रमवारीचा प्रश्न असा बराच मार्गी लागला; दस्तऐवजांचे समूह पाडण्याचा नाही. 1992 मध्ये डग कटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या संग्रहातील दस्तऐवजांचे पुंज यंत्राकडूनच बांधवून घेण्याचा प्रयोग केला खरा, परंतु अशा पुंजांना वाचकाला उमगेल असे नाव देणे दुष्कर ठरले. मार्टी हर्स्ट यांनी बर्कलेच्या फ्लॅमेन्को प्रकल्पात विचारपूर्वक आखलेल्या पैलूंचा आश्रय घेतला, तो निर्णय मला या साऱ्या इतिहासातला कळीचा वाटतो.

2006 च्या जानेवारीत नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयाने एंडेका या शोधयंत्रावर आधारलेली पैलूयुक्त सूची वाचकांना खुली केली, आणि त्याच महिन्यात योनिक सीली यांनी सीनेट (CNET) या कंपनीसाठी रचलेले सोलर हे शोधयंत्र अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या स्वाधीन झाले. लुसीन या ज्या शोधप्रणालीवर ते उभे होते ती डग कटिंग यांचीच. पैलू आता कोणत्याही क्रमाने निवडता येऊ लागले. फळीचे बंधन सुटले.

परंतु क्रमाचा निर्णय टळला नाही. तो नकळत संख्येच्या हाती गेला. 'ज्ञानेश्वरी' असा शोध घेतला तर सूचीतून मूळ ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या, टीका, भाषांतरे आणि प्रवचने निघतात. एकाच कृतीच्या आवृत्त्या एका समूहात मिटवल्या आणि त्या समूहाला त्यातील सर्वोत्तम नोंदीचा गुण दिला, तर यादी सुटसुटीत होते. त्यानंतर बाजूच्या पैलूंवरील आकडे दस्तऐवज मोजतात की समूह, हे न सांगितल्यास वाचकाची फसगत होते. साठा अनेक यंत्रांवर विखुरलेला असला की पेच वाढतो. प्रत्येक यंत्र पैलूतील आपापली अग्रक्रमाची मूल्येच पाठवते, आणि एका ठिकाणी मागे राहिलेले मूल्य एकूण बेरजेत पुढे असू शकते. सोलर अशा मूल्यांची फेरचौकशी करते, तर इलॅस्टिकसर्च हे दुसरे शोधयंत्र आपल्या मोजणीतील संभाव्य चुकीची कमाल मर्यादा उत्तरासोबत कळवते. इलॅस्टिकसर्चचा हा प्रामाणिकपणा मला विशेष आदरणीय वाटतो.

तरीही ज्या प्रकाशकाची पुस्तके सर्वांत अधिक तोच पैलूच्या शिरोभागी, हा प्रचलित जाबता मला मान्य नाही. त्या प्रकाशकाची पुस्तके साऱ्या संग्रहातच अधिक असतील, तर त्याच्या अग्रस्थानाने प्रस्तुत विषयाबद्दल काहीच कळत नाही. इलॅस्टिकसर्चने 2014 मध्ये आणलेली अर्थपूर्ण मूल्यांची गणना हाच आक्षेप निवारते: शोधफलातील प्रमाण आणि संपूर्ण संग्रहातील प्रमाण यांची तुलना करून ती अनपेक्षितपणे दाटलेली मूल्ये वर आणते, म्हणजे स्पार्क जोन्स यांचे तत्त्व शब्दांवरून पैलूंपर्यंत पोहोचते. मात्र शोधफलात नोंदी मोजक्याच असतील तर हे गणित डळमळते, आणि लहान ग्रंथालयांच्या सूचींत तोच प्रसंग नित्याचा असतो. तेथे पैलूंचा क्रम सूचिकाराने स्वतः ठरवावा आणि त्याची कारणे रंगनाथनांप्रमाणे लिहून ठेवावीत.