चुनखडी आणि चोपण

मानवतच्या शिवारात विहीर खणताना काळ्या मातीखाली पांढरट खडे लागतात. शेतकरी त्यांना चुनखडी म्हणतात. बोअरचे पाणी तापवलेल्या हंड्याच्या बुडाशी जो पांढरा थर धरतो, तोही त्याच जातीचा. दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. रसायनशास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही. पुस्तके आणि गावोगावचे माती-पाण्याचे अहवाल वाचत या पांढऱ्या पदार्थाचा मागोवा घेत आलो. त्यातून हाती लागलेली एक गोष्ट इथे मांडतो.

आपल्याकडचा खडक बेसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम हे तिन्ही धातू त्यात सिलिकेटांत अडकलेले असतात. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि या धातूंना सोडवते. मग ते बायकार्बोनेटच्या सोबतीने पाण्यात विरघळून राहतात. पाणी आटले किंवा तापले, की वायू निसटतो आणि कार्बोनेट तळाशी बसू लागते.

मात्र तिघांची पाळी एकदम येत नाही. शुद्ध पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट लिटरला जेमतेम १४-१५ मिलिग्रॅम विरघळते, म्हणून ते आधी बसते. मॅग्नेशियमचा आयन आकाराने लहान असल्याने भोवतीचे पाण्याचे सहा रेणू घट्ट धरून ठेवतो. ते सोडल्याखेरीज त्याला स्फटिकात जागा मिळत नाही, म्हणून तो मागे रेंगाळतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे थर आलटून पालटून रचलेले डोलोमाइट हे खनिज साध्या तापमानाला प्रयोगशाळेत का वाढत नाही, हे कोडे शास्त्रज्ञांना दोनशे वर्षे छळत होते. चुकीचे बसलेले अणू वारंवार विरघळवून काढले तरच पुढचा थर नीट रचला जातो, हे २०२३ मध्ये मिशिगन आणि होक्काइदो विद्यापीठांतील संशोधकांनी दाखवले.

उरतो सोडियम. त्याचे कार्बोनेट पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे तो खाली बसतच नाही. खरा धोका इथे आहे. पाण्यात बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असेल, तर प्रत्येक पाळीगणिक हे दोघे चुनखडी होऊन बाद होतात आणि मातीचे कण सोडियमला धरतात. ओल्या मातीचे कण मग सुटे होऊन छिद्रे बुजवतात, पाणी मुरत नाही, वाळल्यावर ढेकूळ दगडासारखे होते. हीच चोपण जमीन.

हे आधी ओळखण्यासाठी ईटन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० मध्ये एक वजाबाकी सुचवली. अहवालातले आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये असतील, तर बायकार्बोनेटला ६१ ने, कॅल्शियमला २० ने आणि मॅग्नेशियमला १२.२ ने भागावे. पहिल्या उत्तरातून उरलेल्या दोघांची बेरीज वजा करावी. कार्बोनेटचा आकडा असल्यास तो ३० ने भागून बायकार्बोनेटमध्ये मिळवावा. समजा, बायकार्बोनेट ४८८, कॅल्शियम ४० आणि मॅग्नेशियम ३६.६ आहे. म्हणजे ८ वजा ५, बाकी ३. ही बाकी १.२५ च्या आत असेल तर पाणी निर्धोक, २.५ च्या वर गेली तर ओलिताला अयोग्य.

म्हणजे जे पाणी हंड्याला थर आणते, डाळ शिजू देत नाही, ते शेताला बाधेलच असे नाही. आणि साबणाला भरपूर फेस आणणारे पाणी कापसाच्या रानाची हळूहळू चोपण करू शकते. अशा जमिनीला जिप्सम देतात, कारण त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावते. चुनखडीत कॅल्शियम भरपूर असले तरी ते कुलूपबंद असते. धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडला, की तो कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यातले थोडे कुलूप उघडतो. बोअरच्या पाण्याचा अहवाल हाती आला, की एकूण क्षारांचा आकडा पाहून तो घडी घालून ठेवू नये. ती वजाबाकी करायला कागदाचा कोपरा पुरतो.