ड्रायर तापेना, दोष कुणाचा?

कपडे वाळवण्याचे काम आपण सूर्यनारायणावर सोपवून मोकळे होतो. युरोपाच्या बऱ्याच भागांत ऊन कमी, म्हणून तेथे ते काम अनेकदा यंत्राकडे गेले. जुन्या ड्रायरमध्ये विजेची तार तापवून हवा गरम करीत. त्याला वीज फार लागे. युरोपीय संघाच्या नियमांमुळे १ जुलै २०२५ पासून तेथील बाजारात येणारे नवे घरगुती ड्रायर व्यवहारतः हीट पंपाचेच असतात. आपल्या मोठ्या शहरांतील काही घरांतही हे यंत्र आता दिसते. ते तापेनासे झाले तर काय करावे, हे थोडक्यात पाहू.

हा ड्रायर म्हणजे फ्रिजचा सख्खा भाऊच. त्यात कॉम्प्रेसर असतो, आणि नळ्यांच्या दोन जाळ्या असतात, एक थंड व एक गरम. कपड्यांतील ओलसर हवा प्रथम थंड जाळीवरून जाते. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तसे तेथे पाणी जमते. कोरडी झालेली हवा गरम जाळीवर तापून पुन्हा कपड्यांत शिरते. मात्र ही हवा साधारण ५० अंशांच्या आसपासच तापते आणि वेळही जास्त घेते. तेव्हा हात भाजला नाही म्हणजे यंत्र बिघडले, असे नव्हे.

खरा साक्षीदार म्हणजे पाण्याची टाकी. ओले कपडे घालून अर्धा-पाऊण तास यंत्र चालवावे. टाकीत किंवा सांडपाण्याच्या नळीत पाणी येत असेल, तर पंप काम करतो आहे. कपडे ओलेच राहत असतील, तर ते जास्त कोंबले होते किंवा नीट पिळले नव्हते.

पाणी थोडेच आले, हवा आधी कोमट आणि मग गार झाली, तर वाट तुंबली असे समजावे. कपड्यांची सुटलेली लव गाळणीत साचते. हवा अडते, गरम जाळीची उष्णता वाहून जात नाही, कॉम्प्रेसर अति तापतो आणि त्याचे संरक्षक बटण त्याला थांबवते. गाळणी दर वेळी साफ करावी. खोलीही कोंदट नसावी. बहुतेक माहितीपुस्तिका ५ ते ३५ अंशांची मर्यादा सांगतात.

गाळणीतून निसटलेली लव थंड जाळीवर बसते. माझी आई धुणीभांडी करते त्या एका घरी हेच झाले. 'बाईंनी बटणे बिघडवली' असा ठपका आला. आई गाळणी रोज झाडत असे; पण खालच्या झाकणाआड जाळी आहे, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. माहितीपुस्तिका इंग्रजीत, कपाटात बंद. मी ती वाचून दाखवली. झाकण उघडले, तर आत लवेचा नमदाच! तो काढल्यावर यंत्र तापू लागले.

अशी जाळी साफ करताना प्रथम प्लग काढावा. मऊ ब्रश पत्र्यांच्या रेघांच्या दिशेनेच फिरवावा. पत्रे वाकतात आणि बोटही कापतात. काही यंत्रांत जाळी आपोआप धुतली जाते. तेथे झाकण नसते.

एवढे करूनही पाण्याचा थेंब येत नसेल, कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येत नसेल, तर मात्र कारागीरच बोलवावा. कपॅसिटर, तापमापक किंवा वायूची गळती तपासणे हे त्याचे काम. अनेक नव्या यंत्रांत प्रोपेन हा ज्वालाग्राही वायू असतो. नळ्यांशी खेळ नको.

म्हणून क्रम ध्यानात ठेवावा: आधी पाणी, मग गाळणी, मग जाळी, मग कारागीर. माणसाला दोष देण्याची पाळी या सर्वांनंतर, आणि बहुधा ती येतच नाही.