विलायतेचे पेन्शन, सुरतेचा पत्ता

२०२५ चा पावसाळा संपता संपता माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ हातात एक लिफाफा घेऊन माझ्याकडे आले. ते तापीपलीकडे रांदेर येथे राहतात. वय पंच्याऐंशीच्या घरात. लिफाफ्यावर इंग्लंडचे टपाल होते. "साहेब, एक सही पाहिजे. मी जिवंत आहे, एवढेच लिहून द्यायचे आहे," ते म्हणाले.

तो हयातीचा दाखला होता. आपल्याकडे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली मंडळी नोव्हेंबर महिन्यात देतात तसाच. परदेशात राहणाऱ्या पेन्शनदारांकडे ब्रिटिश सरकार हा कागद अधूनमधून पाठविते. त्यांच्या पासपोर्टच्या छायाचित्रावर सही करण्यास जी माणसे लायक समजली जातात, त्यांपैकी कोणाची तरी साक्ष त्यावर लागते, आणि त्या यादीत शिक्षकाचाही समावेश आहे. साक्षीदार विलायतेत राहणारा असावा अशी अट नाही. कागद परत गेला नाही तर मात्र पैसे थांबविले जाऊ शकतात. आम्ही ख्रिस्ती लोक लहानपणी ज्या दहा आज्ञा पाठ करतो, त्यांतील एक साक्षीविषयीच आहे. तेव्हा काकांना नीट न्याहाळून मगच सही करतो, असे मी त्यांना हसत म्हणालो.

सही झाल्यावर त्यांनी आणखी एक कागद पुढे केला. पेन्शन मंजूर झाल्याचे ते २००५ सालचे पत्र होते. आठवड्याला किती पौंड मिळतील तो आकडा त्यात होता आणि आज वीस वर्षांनंतरही तोच आकडा कायम आहे. "महागाई काय फक्त इंग्लंडातच होते?" त्यांनी विचारले. या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही. म्हणून थोडे वाचन केले, आणि तेच आज आपणांसमोर मांडीत आहे.

प्रथम हे पेन्शन म्हणजे काय ते पाहू. मालकाने नोकराला दिलेले हे निवृत्तिवेतन नव्हे. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विम्याची योजना सुरू झाली. तीनुसार प्रत्येक कामकऱ्याच्या पगारातून वर्गणी कापली जाते आणि ठरावीक वर्षे भरली की वृद्धापकाळी सरकार वेतन देते. सुरत, भरूच, नवसारी या भागांतून पुष्कळ माणसे १९६० नंतर बोल्टन, ब्लॅकबर्न, ब्रॅडफर्ड अशा गावांच्या गिरण्यांत कामाला गेली. युगांडातून १९७२ साली हाकलले गेलेले लोकही तिकडे पोहोचले. काका बोल्टनच्या एका सूतगिरणीत रात्रपाळीला होते, आणि गिरण्या बंद पडू लागल्यावर दुसऱ्या कारखान्यात. दर आठवड्याच्या पगारातून वर्गणी जात होती. ज्या सुरतेत १६१३ साली मोगल बादशहाच्या फर्मानाने इंग्रजांची वखार स्थिर झाली, तिथेच आज इंग्लंडच्या तिजोरीतून दर चार आठवड्यांनी काही घरांत पैसे येतात!

हे वेतन जगात कोठेही मिळते, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. मायदेशी परतल्यावर पेन्शन बंद होते अशी अनेकांची समजूत असते; ती खरी नाही. बंद होते ती वाढ. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वृद्धाचे वेतन दर एप्रिलमध्ये वाढते. भारतात येऊन स्थायिक झालेल्याचे वेतन मात्र येण्याच्या वेळी जेवढे असेल तेवढ्यावर गोठते, आणि येथे राहत असतानाच ते सुरू झाले असेल तर पहिल्या दिवसाच्या आकड्यावर. जुन्या पद्धतीचे पूर्ण मूळ वेतन २००५ साली आठवड्याला ८२ पौंड ५ पेन्स होते. २०२५-२६ या वर्षी ते १७६ पौंड ४५ पेन्स झाले. म्हणजे त्याच गिरणीत, त्याच यंत्रावर, तेवढीच वर्षे काम केलेल्या दोघांपैकी बोल्टनला राहिलेल्याला आज रांदेरला आलेल्याच्या दुपटीहून अधिक मिळते. काकांची वर्षे थोडी कमी भरली म्हणून त्यांचा आकडा ८२ हूनही लहान आहे. प्रमाण मात्र हेच.

रुपया घसरल्यामुळे थोडा आधार मिळाला, हे खरे आहे. २००५ साली पौंडाला ऐंशीच्या आसपास रुपये मिळत. २०२५ साली एकशे दहाच्या पुढे मिळत होते. पण वीस वर्षांत औषधांची, डॉक्टरांची आणि डाळ-तांदळाची किंमत किती चढली ते घर चालविणारा प्रत्येकजण जाणतो. पौंडाच्या भावाने ती तूट भरून निघत नाही.

हा भारतावरचा रोष आहे काय? तसे नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन राहिलेल्या खुद्द इंग्रज वृद्धांचीही हीच गत आहे. युरोपातील बहुतेक देश, अमेरिका, फिलिपाईन्स, जमेका, मॉरिशस येथे राहणाऱ्यांना मात्र वाढ मिळते, कारण त्या देशांशी ब्रिटनचे तसे करार आहेत किंवा कायदाच त्यांच्या बाजूचा आहे. मॉरिशसमध्ये मराठी बोलणारी कुटुंबे आहेत हे आपणांस ठाऊक असेलच. त्या बेटावरून कित्येक तरुण-तरुणी इंग्लंडच्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून गेल्या. त्यांपैकी कोणी म्हातारपणी घरी परतली तर तिचे वेतन दर एप्रिलमध्ये वाढेल. तिच्याच शेजारी खाटेपाशी उभी राहून सेवा केलेली वसईची किंवा नगरची परिचारिका गावी परतली तर तिचे वाढणार नाही. यात न्याय कोणता, हे मला तरी शोधून सापडलेले नाही.

न्यायाची दारेही ठोठावून झाली आहेत. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन या बाईंनी ब्रिटिश सरकारविरुद्ध दावा लावला. २००५ साली लॉर्डांच्या सभागृहात त्या हरल्या. पुढे इतर काहींसह त्या युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. तेथेही १६ मार्च २०१० रोजी अकरा विरुद्ध सहा मतांनी निकाल विरोधात गेला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, वर्गणी म्हणजे आपल्या नावाने पेटीत ठेवलेली ठेव नव्हे. आज काम करणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या वृद्धांना वेतन दिले जाते, आणि ती वाढ त्या देशाच्या महागाईच्या हिशेबाने बेतलेली असते; बाहेर राहणारा आपली तुलना आत राहणाऱ्याशी करू शकत नाही. हा युक्तिवाद कायद्याने टिकला. पण मॉरिशसला राहणाराही बाहेरचाच की नाही?

२०२५ साली भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापाराचा करार झाला तेव्हा बऱ्याच घरांत आशा निर्माण झाली. त्याच्या जोडीने ठरलेली वर्गणीविषयीची तरतूद वेगळी आहे. कंपनीने ठरावीक मुदतीपुरते तिकडे पाठविलेल्या नोकराला दोन्ही देशांत वर्गणी भरावी लागू नये, एवढाच तिचा हेतू. गोठलेल्या पेन्शनला तिचा स्पर्श नाही.

पुण्या-मुंबईच्या ज्या तरुणांनी लंडनमध्ये स्वतःच नोकरी धरली आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१६ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नव्या पद्धतीत निदान दहा वर्षे भरल्याशिवाय काहीच मिळत नाही. पूर्ण वेतनाला पस्तीस लागतात. जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्याशी भारताचे जे करार आहेत त्यांत दोन्हीकडची वर्षे पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. ब्रिटनशी तशी सोय नाही. म्हणून आठ-नऊ वर्षांवर परत फिरण्यापूर्वी आपला वर्गणीचा हिशेब मागवून पाहावा.

काहीजण एक पळवाट काढतात. स्वतः येथे राहायचे आणि सरकारदरबारी पत्ता मुलाचा, लेस्टरचा ठेवायचा, म्हणजे वाढ चालू राहते. नियम अन्यायाचा असला तरी ही लबाडीच आहे. उघडकीस आली की जादा गेलेले पैसे परत मागितले जातात, आणि ऐंशीव्या वर्षी ते आणायचे कोठून? पती किंवा पत्नी वारल्याचे न कळविणाऱ्यांवरही हाच प्रसंग येतो.

एक सरळ वाट मात्र आहे, आणि ती काकांना ठाऊक नव्हती. पेन्शनदार काही आठवडे ब्रिटनमध्ये जाऊन राहिला तर, आधी कळविल्यास, तेवढ्या आठवड्यांपुरते चालू दराने वेतन मिळू शकते. परतल्यावर पुन्हा जुना आकडा. पूर्ण वेतनाच्या हिशेबाने २०२५-२६ साली आठवड्याचा फरक ९४ पौंड ४० पेन्स होता, म्हणजे बारा आठवड्यांचे अकराशेहून थोडे अधिक. काकांच्या वाट्याला त्याहून कमी. त्यांची नातवंडे बोल्टनलाच आहेत. आम्ही पाटीवर गुणाकार मांडला, विमानाचे तिकीट वजा केले. उरले ते फार नव्हते. काका पाटीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तिकीट निघते ना, मग जाऊन येतो," आणि दाखल्याचा लिफाफा घेऊन टपालकचेरीकडे निघाले.